वेताळकाका

कॉमिक कॉनच्या गर्दीत वेताळकाका शोधायला त्रास पडत नाही. ज्याने कसलंच सोंग घेतलेलं नाही, तो माणूस म्हणजे वेताळकाका. चौकड्यांचा बुशशर्ट, खिशाला दोन पेनं आणि कुठल्याशा सहकारी बँकेने सुवर्णमहोत्सवी वर्षात वाटलेली रेक्झिनची बॅग. आजूबाजूला नारुटो, जोकर, तीन-चार स्पायडरमॅन आणि एक डेडपूल वडापाव खात उभा. मागे एका मुलीने त्यांना वरपासून खालपर्यंत न्याहाळून विचारलं, ‘‘काका, तुम्ही कोण झालायत?’’

‘‘मी मुलुंडचा.’’

‘‘ओह, इंडी कॉमिक का?’’ म्हणत तिने सेल्फी काढलासुद्धा.

मुंबईत हा मेळा २०१२ साली कफ परेडच्या वर्ल्ड ट्रेड सेंटरात सुरू झाला. त्याच्या आदल्या वर्षी दिल्लीच्या दिल्ली हाटमध्ये याच आयोजकांनी देशातलं पहिलं कॉमिक कॉन भरवलं होतं. पुढे तो गोरेगावला नेस्कोत आला, तेव्हा काकांची सोय झाली. मुलुंडकराला कफ परेड म्हणजे परगावच. गोरेगावला लिंक रोडने बस जाते. पण काका मुद्दाम घाटकोपरला उतरून मेट्रो धरायचे. का, तर तिथल्या तपासणीत एखाद्या थॉरचा फोमचा हातोडा यंत्रातून सरकताना बघायला मिळायचा. ‘‘देव असला तरी बॅग स्कॅन करावीच लागते,’’ हे त्यांचं त्या प्रवासातलं आवडतं वाक्य. दरवर्षी तेच, आणि दरवर्षी हसणारेही तेच एकटे.

आत शिरल्यावर त्यांचं काम एकच. वंशावळ सांगणं. बॅटमॅन दिसला की ते त्याला अडवतात. ‘‘तुझा जन्म १९३९चा. सुपरमॅन १९३८चा. आणि आमचा वेताळ, म्हणजे फँटम, १९३६चा. ली फॉकचा. अंगाला चिकटलेले कपडे आणि बुबुळं न दिसणारा मुखवटा आमच्या घरातून गेलेत. वडीलधाऱ्याला नमस्कार करायचा.’’ आत घामाने निथळणारा बोरिवलीचा सेकंड इयरचा पोरगा खरंच वाकतो. वाकताना त्याच्या पाठीवरची फोमची पाटी उखडते. मग काकाच बॅगेतून फेविक्विक काढून ती चिकटवून देतात आणि सुकेपर्यंत दाबून धरतात. तेवढ्या वेळात मँड्रेक आणि आबिद सुरतींचा बहादूर ऐकून घेण्यावाचून त्या बॅटमॅनला गत्यंतर नसतं.

त्यांची तक्रार जुनीच आहे. कॉमिक कॉनमध्ये कॉमिक कुठाय? टीशर्ट आहेत, मग आहेत, मोठ्या डोक्याच्या बाहुल्या आहेत, गेमिंगच्या खुर्च्या आहेत. पुस्तकं कोपऱ्यात. आता हे अर्धसत्य आहे. स्वतः काढून, स्वतः छापून, स्वतःच टेबल मांडून बसलेली मुलं तिथे असतात आणि त्यांच्याकडून काका दरवर्षी काही ना काही विकत घेतात. पण ते कबूल करत नाहीत. ‘‘बायकोच्या भाच्याला,’’ म्हणतात. काकूंना भाचा नाही.

घरी मात्र माळ्यावर दोन पत्र्याच्या ट्रंका आहेत. त्यांत वेताळ छापणारी इंद्रजाल कॉमिक्स. टाइम्सवाल्यांनी १९६४ च्या मार्चमध्ये सुरू केलेली आणि १९९० साली बंद पडलेली. जगातलं चांगलं ते सगळं त्याच साली संपलं, असं काकांचं ठाम मत. ट्रंक उघडण्याआधी ते हात धुतात, पुसतात आणि पंख्याखाली वाळवतात. प्रत्येक अंक वेगळ्या प्लास्टिकच्या पिशवीत, आणि पिशवीत बुटांच्या खोक्यांतून जमवलेली सिलिका जेलची पुडी. इमारतीत कोणी नवे बूट आणले की काका अभिनंदनाला जातात. मुलुंडच्या पावसाळ्यात भिंतीला बुरशी येते, पापडाला येते, वेताळाला आलेली नाही. अंक पाहुण्याने बघायचा तो काकांच्या हातात. पानं तेच उलटणार. उसना मागितला तर ते चहा विचारतात आणि विषय संपतो.

१२२ आणि १२५ या अंकांच्या मध्ये दोन कोरे पुठ्ठे आहेत. टाइम्समध्ये संप झाला होता, त्यामुळे १२३ आणि १२४ हे क्रमांक निघालेच नाहीत. हे ठाऊक असूनही जुनी पुस्तकं विकणारा कोणी दिसला की काका सहज विचारल्यासारखं विचारतात, ‘‘एकशे तेवीस आहे का हो?’’ आहे म्हणाला, तर माणूस थापाड्या. नाही म्हणाला, तर अडाणी. आणि ‘तो निघालाच नाही’ म्हणाला, तर काका त्याला मिठीच मारतात. ही परीक्षा आहे, असं ते सांगतात. काकूंचं म्हणणं वेगळं. ‘‘परीक्षा कसली? ते दोन पुठ्ठे दर दिवाळीला पुसतात ते.’’

तेव्हा तुमच्या माळ्यावर, गावच्या घरी, आजोबांच्या कपाटात जुने इंद्रजाल असतील, तर कृपा करून रद्दीत घालू नका. एखादा मुलुंडकर शोधा आणि त्याला बघायला बोलवा. तो हात धुऊन येईल. फक्त ‘एकशे तेवीस सापडला’ असं गमतीतसुद्धा म्हणू नका. रात्रीची शेवटची गाडी पकडून येईल माणूस.