जुनी मर्सिडीज आणि पारखी नाना

कोथरूड असो, सहकारनगर असो की बिबवेवाडी, पुण्यातल्या प्रत्येक जुन्या सोसायटीत एक नाना असतात. कुठे त्यांना अण्णा म्हणतात, कुठे बापू, उद्योग एकच. स्वतःची गाडी म्हणजे रंग उडालेली वॅगन-आर, तीही तिसऱ्या गिअरच्या वर फारशी न गेलेली. पण सोसायटीत कुणी 'सेकंड हँड मर्सिडीज बघतोय' असं जरा मोठ्याने बोललं, की दिवेलागणीच्या आत नाना त्याच्या दारात. "एकटा जाऊ नकोस रे, फसवतात." त्यांना बोलवावं लागत नाही. निघायची वेळही तेच ठरवतात आणि ती कायम सकाळी सातची असते.

नाना एका सहकारी बँकेच्या वाहनकर्ज विभागातून निवृत्त झाले. उभ्या हयातीत त्यांनी हजारो गाड्यांची कागदपत्रं पाहिली. इंजिनं किती पाहिली, हा प्रश्न त्यांना कुणी विचारत नाही. "आवाजावरून सांगतो मी," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. आपण कागदाचे पंडित आहोत हे त्यांना कमीपणाचं वाटतं. त्यांना व्हायचं असतं मेकॅनिक.

त्यांना गिऱ्हाईक मिळतं ते बाजारामुळे. नवी ई-क्लास घरी येईपर्यंत कोटीच्या उंबरठ्याला टेकते. तीच गाडी सात-आठ वर्षांची झाली की भारीतल्या नव्या क्रेटाच्या किमतीजवळ येऊन उभी राहते. हिंजवडीत नोकरी करणाऱ्या, नुकतीच बढती मिळालेल्या माणसाने हा हिशेब रात्री बाराला मोबाइलवर पाहिला, की त्याची झोप उडते. तेवढ्याच पैशात बॉनेटवर तीन पाकळ्यांचा तारा! सासुरवाडीच्या दारात ती गाडी कशी वळवायची, इथपर्यंत मनात ठरलेलं असतं. अशा वेळी नाना एकच प्रश्न विचारतात, आणि तो त्यांच्या सगळ्या यांत्रिक ज्ञानापेक्षा मोलाचा असतो. "गाडीची किंमत उतरली हे कळलं. हेडलाइटची उतरली का?"

उतरत नाही. गाडी वीस-पंचवीस लाखांना आली तरी तिचे सुटे भाग ती कोटीची असल्यासारखेच येतात. एलईडी हेडलाइटची जोडी लाखांची भाषा बोलते. एअर सस्पेन्शन असेल तर रबराचे फुगे वयोमानाने तडकतात, हवा गळते आणि ती भरून काढता काढता कॉम्प्रेसरही दम तोडतो. मर्सिडीजने १९९८च्या एस-क्लासमध्ये हे हवेवरचं सस्पेन्शन आणलं. तेव्हापासून जुन्या मोटारींच्या बाजारात एक साधी परीक्षा रूढ आहे: रात्री गाडी उभी करायची आणि सकाळी एखादा कोपरा खाली बसलाय का, ते पाहायचं. नाना ही परीक्षा फार मनावर घेतात. आदल्या संध्याकाळी विकणाऱ्याच्या पार्किंगमध्ये जाऊन टायर आणि मडगार्डमध्ये किती बोटं मावतात ते मोजतात, वहीत लिहितात आणि सकाळी पुन्हा मोजतात. बाणेरच्या एका सोसायटीत रखवालदाराने त्यांना हवा सोडणारा समजून बसवून ठेवलं होतं. नाना बसले, पण जाताना त्याच्याकडून गाडी महिन्यातून किती वेळा टो करून नेतात, ते काढून घेतलं.

सकाळी सातचा आग्रह मात्र शास्त्रशुद्ध आहे. इंजिनाचे खरे दोष ते थंड असताना, सुरू होण्याच्या पहिल्या काही सेकंदांत बाहेर पडतात. म्हणून मुरलेला विक्रेता गिऱ्हाईक येण्याआधीच गाडी तापवून ठेवतो. नाना 'नमस्कार' म्हणायच्या आधी बॉनेटवर हात ठेवतात. कोमट लागलं की चहासुद्धा घेत नाहीत. थंड लागलं, तर एक जण चावी फिरवतो आणि नाना मागे धूर बघायला उभे राहतात. निळसर म्हणजे ऑइल जळतंय, काळा म्हणजे डिझेल नीट जळत नाही, पांढरा आणि थांबायचं नाव न घेणारा म्हणजे कूलंट आत शिरतंय. इथपर्यंत सगळं बरोबर. पुढे आवाज ऐकायचा भाग येतो आणि नानांचा तोल जातो.

त्याला कारणही आहे. बीएमडब्ल्यूच्या ३२० डी, ५२० डी या गाड्यांत एके काळी येणारं एन-४७ नावाचं दोन लिटरचं डिझेल इंजिन टायमिंग चेनसाठी बदनाम आहे. ही चेन इंजिनाच्या मागच्या अंगाला, गिअरबॉक्सच्या बाजूला असते. ती बदलायची तर बहुधा अख्खं इंजिन उतरवावं लागतं. तुटेपर्यंत चालवली तर इंजिनच जातं. नानांनी हे कुठेतरी वाचलं आणि तेव्हापासून प्रत्येक गाडीच्या बॉनेटखाली मागच्या बाजूला कान लावून "खरखर येतेय" असं जाहीर करायला सुरुवात केली. पेट्रोल गाडीतही येते. एकदा शेजारच्या बंगल्यातला मिक्सर थांबला तशी खरखर थांबली, नाना म्हणाले, "इंटरमिटंट फॉल्ट आहे."

मीटरचं प्रकरण त्यांना जास्त जमतं. आकडा मागे घ्यायला आता लॅपटॉप आणि थोडा वेळ पुरतो. पण गाडी काही एकाच जागी हिशेब ठेवत नाही. बीएमडब्ल्यूच्या चावीतही किलोमीटरची नोंद असते, वेगवेगळ्या कंट्रोल युनिटांत असते, सर्व्हिसच्या बिलांवर तर असतेच. यातल्या पहिल्या दोन नोंदी वाचायला यंत्र लागतं. नाना ब्रेकच्या पेडलचं रबर आणि मागची डावी सीट पाहतात. ही खास आपल्याकडची परीक्षा. युरोपात असली गाडी मालक स्वतः चालवतो, इथे तो मागे डावीकडे बसतो. मीटर अडतीस हजार सांगतंय आणि मागच्या डाव्या सीटच्या चामड्याला आरामखुर्चीसारखा खळगा पडलाय, तर दोघांपैकी कुणावर विश्वास ठेवायचा? नाना सीटवर ठेवतात.

पुराच्या गाड्यांबद्दल तर ते व्याख्यानच देतात. २६ जुलै २००५ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस पडला तिथून सुरुवात, मग डिसेंबर २०१५चं चेन्नई, मग सप्टेंबर २०२२चं बेंगळुरू, जिथे बंगल्यांच्या वसाहतींत महागड्या गाड्या छपरापर्यंत बुडाल्या. अशा गाड्या विमा कंपनी निकालात काढते, लिलावात जातात, धुऊनपुसून दुसऱ्या राज्यात अवतरतात. कार्पेटखालची इलेक्ट्रॉनिक युनिटं नंतर एकेक करून मान टाकतात. गाळ सगळीकडून धुता येतो, सीटबेल्टच्या आतल्या टोकावरचा सहसा राहून जातो. म्हणून नाना प्रत्येक बेल्ट शेवटपर्यंत ओढतात. एकदा तो परत आत गेलाच नाही. व्यवहार तिथेच आटोपला.

आणि मग ते लोहचुंबक. नाना फ्रिजवरचा, गणपतीच्या चित्राचा चुंबक खिशात घेऊन फिरतात. पत्र्यावर चिकटला तर मूळ पत्रा. निसटला तर आत लांबी भरलेली, म्हणजे गाडी ठोकलेली. बालेवाडीच्या एका काचेच्या शोरूममध्ये, असाच एक हिंजवडीचा तरुण शेजारी उभा असताना, नानांनी हा चुंबक २०१३च्या बीएमडब्ल्यू ५-सीरीजच्या बॉनेटवर ठेवला. गणपती घरंगळत खाली आला. पुढच्या दारावर ठेवला, तिथूनही आला. मागच्या दारावर, तोच प्रकार. नाना विजयी आवाजात म्हणाले, "चारी अंगांनी ठोकलीये!" डिकीवर मात्र बाप्पा घट्ट बसले.

विक्रेत्याने नम्रपणे सांगितलं, "काका, या मॉडेलचं बॉनेट, दारं आणि पुढची मडगार्डं अॅल्युमिनियमची असतात. चुंबक नाही चिकटायचा." शोरूममधली दोन पोरं हसली. तरुणाला कुठे बघावं कळेना. (माहिती खरी होती, असल्या गाड्यांना रंगाची जाडी मोजणारं यंत्र लागतं. कारखान्यातला रंग साधारण शंभर ते दोनशे मायक्रॉनच्या आत असतो, आणि एखाद्या पॅनलवर तो अचानक दुप्पट-तिप्पट झाला की समजायचं.)

नानांनी बाप्पा खिशात घातले, चष्मा बदलला आणि म्हणाले, "पॉलिसी दाखवा."

तिथे बँकेतले नाना जागे झाले. गाडी एकाच मालकाची, दरवर्षी विमा भरलेला, जाहिरातीत 'नॉन-अॅक्सिडेंटल' ठळक अक्षरांत. नानांनी पॉलिसीवर एकाच रकान्यावर बोट ठेवलं: नो क्लेम बोनस, शून्य टक्के. "सलग पाच वर्षं क्लेम नसेल तर हा पन्नास टक्के असतो. मालक बदललेला नाही. मग शून्य का? गेल्या वर्षी काय झालं होतं?" विक्रेत्याला अचानक एक फोन आला. फोन संपल्यावर कळलं, की पुढचा बंपर, रेडिएटर आणि एक एअरबॅग, असं 'किरकोळ' काम झालं होतं. हसणारी पोरं गाड्या पुसायला गेली.

नानांनी चुंबक घरी ठेवून नुसता चष्मा न्यावा, असं त्यांना ओळखणाऱ्या प्रत्येकाचं मत आहे. कारण कागदात ते चुकत नाहीत. आरसीवर बँकेचं नाव असेल तर बोजा उतरवल्याचा फॉर्म ३५ आणि बँकेची एनओसी हातात आल्याशिवाय टोकनसुद्धा देऊ देत नाहीत. परिवहनच्या पोर्टलवर ई-चलनं तपासतात. एक्स्प्रेस-वेवर भरधाव गेलेल्याची पावती नव्या मालकाने का भरायची? गाडी कंपनीच्या नावावर असेल तर संचालकांचा ठराव मागतात. दिल्लीची डिझेल गाडी स्वस्तात मिळतेय म्हणून कुणी उड्या मारू लागला, की ते सांगतात: हरित न्यायाधिकरणाने २०१५ला तिथे दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांना मनाई केली, सर्वोच्च न्यायालयाने २०१८ला ती उचलून धरली, त्यामुळे तिथल्या गाड्या वय व्हायच्या आत बाहेर ढकलल्या जाऊ लागल्या. इथे आणून बारा महिन्यांपेक्षा जास्त वापरायची तर नवं पासिंग, नवा कर. तो मिळवला की 'स्वस्त' हा शब्द गळून पडतो.

विकणाऱ्यालाही ते सोडत नाहीत. मालकी बदलायच्या टीटी फॉर्मवर सह्या करून कागद एजंटकडे टाकले की आपण सुटलो, असं पुष्कळांना वाटतं. नाव बदललं नाही आणि अपघात झाला, तर कागदावरचा मालकच जबाबदार, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१८मध्ये स्पष्ट केलेलं आहे. हे नाना विकणाऱ्याच्या घरी त्याचेच पोहे खात सांगतात.

औरंगाबादचा विषय निघाला की मात्र ते हळवे होतात. ऑक्टोबर २०१०मध्ये तिथल्या मंडळींनी मिळून एकाच फेरीत दीडशे मर्सिडीज घेतल्या, सुमारे ६५ कोटींचा सौदा. देशभर बातम्या झाल्या. नानांना त्यात दिसतात त्या कर्जाच्या दीडशे फायली. त्या गाड्यांची पंधरा वर्षांची नोंदणी २०२५च्या ऑक्टोबरात संपली. म्हणजे आता फिटनेस, पुनर्नोंदणी, पर्यावरण कर. एमएच-२० पासिंगची जुनी ई-क्लास दिसली, की नाना आधी आरसीवरची तारीख विचारतात, मग भाव.

त्यांचं शेवटचं हत्यार कुठल्याच तज्ज्ञाच्या यादीत नसतं. मालक गाडीचे गुण सांगत असताना नाना गुपचूप बाहेर जातात आणि ड्रायव्हरला चहा पाजतात. मालकाला एसी, सनरूफ आणि हप्ता एवढंच ठाऊक असतं. पावसात सनरूफचं पाणी कुठे उतरतं, गिअर कधी झटका देतो, गिअरबॉक्सचं ऑइल कधी बदललं की 'लाइफटाइम' म्हणून बदललंच नाही (गिअरबॉक्स बनवणारी झेडएफ कंपनी स्वतः ८०,००० ते १,२०,००० किलोमीटरच्या दरम्यान बदला म्हणते), हे ड्रायव्हरला पाठ असतं. "साहेबांनी गाडी का काढली?" एवढं विचारलं की दुसऱ्या कटिंगची गरज पडत नाही.

हिंजवडीच्या तरुणाने पुढे ई-क्लासच घेतली. मागच्या बंपरला ओरखडा, टायरवर बाविसावा आठवडा, २०१९ची मोहर, म्हणजे चारही बदलायचे. पण सर्व्हिसची बिलं पहिल्यापासून शेवटपर्यंत, बोनस पन्नास टक्के, आणि ड्रायव्हर म्हणाला, "साहेब दर वर्षी डोंबिवलीच्या भावासाठी ठेवतो म्हणायचे, त्यानेच नको म्हटलं, पार्किंग नाही." हे कारण नानांना पटलं. तरीही सौद्याआधी त्यांनी तिला भोसरीच्या एका गॅरेजमध्ये नेऊन स्कॅन करायला लावलं, आणि स्कॅन करणाऱ्याला विचारायला लावलं की जुने फॉल्ट कोड नुकतेच पुसलेले दिसतात का.

नानांची फी नाही. एक मिसळ आणि जाण्या-येण्याचं पेट्रोल. ते तुमच्या सोसायटीत नसतील, तर निदान त्यांचा क्रम उचला: आधी आरसी, मग पॉलिसी, मग सर्व्हिसची बिलं, त्यानंतर स्कॅन आणि सगळ्यात शेवटी टेस्ट ड्राइव्ह. एकदा स्टिअरिंग हातात आलं की कागद कुणी वाचत नाही. आणि गाडीच्या किमतीशिवाय दोन-तीन लाख पहिल्या वर्षासाठी बाजूला ठेवता येत नसतील, तर नवी क्रेटा घ्या.