नाइलाजाचे सोबती

‘वॉरहॅमर ४०,०००’ या बाहुल्यांनी खेळायच्या ब्रिटिश युद्धखेळातल्या मानवी साम्राज्याचं परराष्ट्र धोरण सुटसुटीत आहे: परग्रहवासी दिसला की मारा. पण डॅमोक्लीसच्या आखातात ताऊ या परग्रहवासीयांशी लढाई रंगात असताना आकाशगंगेबाहेरून टायरानिड येतात, दिसेल ते गिळत. आणि ताऊंशी मुकाट्याने तह होतो. तत्त्व तेवढं शाबूत!

त्याहून मजा रोबूट गिलिमनची. दहा हजार वर्षं निपचित पडलेला हा सम्राटपुत्र २०१७ च्या कथेत उठतो, तोही एल्दारींच्या हातभाराने. म्हणजे परग्रहवासीयांच्याच. आभाराचा ठराव अजून कुठल्यातरी फायलीत असावा.

खेळ बनवणारे मात्र पक्के व्यवहारी. २०१२ च्या सहाव्या आवृत्तीत त्यांनी युतीचा तक्ताच छापला: सख्खे भाऊ, सोयीचे सोबती, नाइलाजाचे सोबती वगैरे. नाइलाजाचा मित्र तुकडीच्या ६ इंचांच्या आत असला की तेव्हा फासा टाकावा लागे. १ पडला तर ती तुकडी त्या फेरीत हातावर हात ठेवून बसे, कारण तिचा एक डोळा शत्रूवर नसून मित्रावर असे. इतका प्रामाणिक करारनामा खऱ्या राजकारणात कुणी छापलेला नाही. शिवाय युती म्हटली की गिऱ्हाइकाला दोन सैन्यांच्या बाहुल्या घ्याव्या लागत, हा निव्वळ योगायोग.