ओडतदेनरी?

मैंदर्गीच्या माणसाला दोन भाषा येतात आणि दोन्ही अर्ध्याच, असं पुण्याचे पाहुणे म्हणतात. मी तीस वर्षं शाळेत मराठी शिकवली आणि घरी कन्नडमधून भांडलो. कुठंच नापास झालो नाही. आमचं गाव अक्कलकोटहून दुधनीकडं जाताना लागतं. स्वामी समर्थांचं दर्शन घेऊन गाणगापूरला निघालेल्या गाड्या इथून जातात, पण थांबत नाहीत. थांबलीच एखादी, तर पंक्चर झाली म्हणून. त्यामुळं एका संध्याकाळी एक टेम्पो आपण होऊन माझ्या दारात थांबला आणि त्यातून चौदा पोरं उतरली, तेव्हा शेजारच्यांनी पहिला प्रश्न विचारला तो "काय झालं?"

झालं होतं ते असं. माझा भाचा इंजिनिअरिंगला आहे. कॉलेजचं नाव सांगत नाही. पुढं जे घडलं त्यानंतर तेही माझं नाव सांगत नाहीत. या पोरांनी विजेवर चालणारी रेसची गाडी बनवली होती आणि ती घेऊन जानेवारीत फॉर्म्युला भारत या विद्यार्थ्यांच्या स्पर्धेला, म्हणजे कोईमतूरला, जायचं होतं. आठवड्यापूर्वी भाच्याचा फोन आला होता.

"मामा, तिकडं भाषेचा प्रॉब्लेम येणार. तुम्हाला साऊथची भाषा येते न्हवं?"

साऊथची भाषा! कोईमतूरला तमीळ चालते, कन्नड नाही, हे त्याच क्षणी सांगायला हवं होतं. पण निवृत्त माणसाला फुकट प्रवासाची हाक रोज येत नाही. मी म्हणालो, "येतीय की."

जाताजाता चार दिवस आमच्या बाजाराच्या मैदानावर गाडीची चाचणी घ्यायची ठरली. गाडी उतरवली तेव्हा निम्मं गाव जमलं. टप नाही, दार नाही, आरसा नाही. जमिनीपासून चार बोटं वर एक लांबुळकी टोपली, तिला चार रुंद चाकं आणि नाकावर सोलापुरातल्या चादरवाल्यापासून चटणीवाल्यापर्यंत सगळ्या देणगीदारांचे स्टिकर.

"किती माणसं बसत्यात?" एका म्हाताऱ्यानं विचारलं.

"एक."

"डिकी?"

"डिकीत ॲक्युम्युलेटर आहे, आजोबा."

"म्हंजे बॅटरी."

भाच्याचा चेहरा कसनुसा झाला. या मंडळींत बॅटरीला बॅटरी म्हणणं म्हणजे सासऱ्याला नावानं हाक मारणं. शिवाय पोरांत दोन जाती होत्या: हाय व्होल्टेज आणि लो व्होल्टेज. हाय व्होल्टेजवाले रबरी हातमोजे घालून मिरवत. भाचा लो व्होल्टेजवाला. वायरी, दिवे, सेन्सर त्याच्याकडं. एकूण जानवशातल्या पाणीवाल्याचं पद: कौतुक कुणी करत नाही, बोंब मात्र त्याच्याच नावानं.

अशा स्पर्धांची कल्पना मूळची अमेरिकेची. 1981 साली टेक्सास विद्यापीठात पहिली स्पर्धा झाली, तेव्हा गाड्या पेट्रोलवर पळत. पुढं विजेच्या आल्या. आयआयटी मुंबईची पोरं तर आपली विजेची गाडी घेऊन इंग्लंडात सिल्व्हरस्टोनला जाऊन आली. 2023 मध्ये झुरिकच्या विद्यार्थ्यांनी थांबलेली गाडी 0.956 सेकंदात ताशी 100 किलोमीटरवर नेली, तीही 12.3 मीटरच्या आत. माझ्या पडवीची लांबी साधारण तेवढीच आहे. तेवढ्या वेळात मी चष्मासुद्धा नाकावर नेऊ शकत नाही.

विजेची गाडी आवाज करत नाही, म्हणून आमच्या कुत्र्यांनी तिची दखल घेतली नाही. ज्यानं भुंकायचं त्यालाच कळेना की काहीतरी गेलं. यावर नियमात तोड आहे. गाडी निघायला तयार झाली की तिनं एक ते तीन सेकंद मोठा आवाज करायचा. गावानं लगेच सूचना केल्या: हलगी लावा, गाणगापूरची आरती लावा, कोंबडा लावा. भाच्यानं नियम वाचून दाखवला: गाण्याचा तुकडा चालणार नाही आणि प्राण्याचा आवाजही चालणार नाही. म्हणजे आमच्यासारखा उपद्व्याप कुणीतरी आधी करून ठेवला होता, म्हणूनच हा नियम आला. शेवटी कुकरच्या शिट्टीसारखी एक कर्कश किंकाळी ठरली.

पावसाची परीक्षाही असते. गाडीत वीज चालू ठेवून तिच्यावर 120 सेकंद पाणी मारतात, मग आणखी 120 सेकंद नुसती वाट बघतात. आमच्या भागात पाऊस स्वतःच परीक्षेला बसत नाही, तर गाडीला कुठून बसवणार? मी तुरीवर फवारायचा पाठीवरचा पंप काढला, तीनदा धुतला आणि घड्याळ लावून दोन मिनिटं गाडीवर फवारणी केली. वास काही गेला नाही. या गाडीला काय वाट्टेल ते होईल, पण कीड लागणार नाही, एवढी हमी मी त्यांना दिली.

पाचव्या दिवशी निघालो. दहा जण रेल्वेनं गेले. टेम्पोत पुढं ड्रायव्हर, मी आणि भाचा, मागं गाडी आणि तीन पोरं. सोबत बायकोनं दिलेली कडक भाकरी आणि शेंगाची चटणी. कडक भाकरीचं एक बरं असतं: ती प्रवासात शिळी होत नाही, कारण ती ताजी असतानाच प्रवास संपल्यासारखी असते.

हद्द ओलांडून थोडं पुढं गेल्यावर पोलिसानं टेम्पो थांबवला. ताडपत्री वर केली आणि बराच वेळ गप्प उभा राहिला.

"इदेनरी?"

माझा क्षण आला होता. "रेसिन गाडी री," मी म्हणालो.

"नंबर प्लेट?"

"इल्ल्री."

"लैट?"

"इल्ल्री."

"मत्त, ओडतदेनरी?"

इथं थोडा मास्तरकीचा तास घेतो. कन्नडात 'ओडु' म्हणजे धावणे. मराठीत 'ओढणे' म्हणजे काय, ते पाण्याचा टँकर अडकलेल्या कुणालाही विचारा. दोघांत फरक एका ढचा. साहेबांचा प्रश्न होता, 'पळते का?' मी छाती काढून उत्तर दिलं, "हौद्री, ओडतद!"

मागून आमचा ड्रायव्हर उखडला. "ती काय ओढतीय? मी ओढतोय, मालक! कोईमतूरपर्यंत हजार किलोमीटर मलाच ओढायचंय!"

साहेब हसले. सोडलं.

पुढं विजापूर गेलं, अलमट्टीजवळ कृष्णा गेली, होस्पेट आणि चित्रदुर्ग झोपेत गेले. प्रत्येक गतिरोधकाला भाचा दचकून मागं बघायचा. बंगळूरनंतर माझी कन्नड पातळ होत गेली आणि सेलमला संपली. उरलं एकच: 'इल्ल'. तमिळात ते 'इल्लै' होतं, एवढ्या भांडवलावर मी दोन जेवणं आणि एक लॉज निभावून नेली. नको ते नाकारत गेलं की हवं ते कधीतरी ताटात येतं.

कोईमतूरजवळचा करी मोटर स्पीडवे. नावाचा आपल्या कढीशी संबंध नाही. फॉर्म्युला मारुती नावाच्या रेसच्या गाड्या घडवणाऱ्या करिवर्धन यांच्यावरून ते पडलंय. फाटकाबाहेर चहावाला होता. त्यानं टेम्पोत डोकावून मला विचारलं, "ओडुमा?"

मी थरारलो. तमिळातही 'ओडु' धावतंच! "ओडतद!" मी म्हणालो, आणि त्याला कळलं. भाच्यानं पोरांकडं वळून, 'बघितलं का बे, आमचे मामा' अशा नजरेनं बघितलं. त्या चहाचे पैसे मी दिले.

आत जाऊन कळलं की ही रेस नसून पासपोर्टची कचेरी आहे. तीन दिवस तपासणी. पर्सी नावाचा एक सपाट पुतळा गाडीत बसवून बघतात. शंभरातल्या पंच्याण्णव पुरुषांना पुरून उरेल असं त्याचं माप. आमचा ड्रायव्हर मुलगा महिनाभर अर्धपोटी राहून बारीक झाला होता. पर्सीला उपाशी ठेवायचं कुणाला सुचलं नव्हतं. त्याच्या डोक्यासाठी उशी कापून कापून तिचा रुमाल झाला. मग गाडीतून पाच सेकंदांत बाहेर पडायची परीक्षा. हाच पोरगा हॉटेलात बिल आल्यावर तीनच सेकंदांत बाहेर असतो, पण इथं पट्ट्यात पाय अडकून सात लागले. चौथ्या खेपेला जमलं. मग गाडी टेबलावर बांधून 60 अंशांत कलंडवली. आमच्याकडं यात्रेच्या दिवशी भरलेली जीप अशीच धावते, पण तिला कुणी पास झाल्याचा स्टिकर देत नाही.

पावसात मात्र आम्ही पैकीच्या पैकी. पाणी पडताच तुरीच्या औषधाचा मंद सुवास दरवळला. परीक्षकानं नाक वर केलं, वहीत बघितलं. वासाबद्दल नियम नव्हता.

तिसऱ्या दिवशी ब्रेकची परीक्षा झाली, हवी तशी चारही चाकं एकदम जाम झाली, आणि 75 मीटरच्या शर्यतीला गाडी उभी राहिली. किंकाळी फुटली. पुढचं मला दिसलंच नाही, कारण मी डोळे पुसत होतो. पोरांनी सांगितलं, गेली म्हणून. दुसऱ्या फेरीला डोळे उघडे ठेवले. खरंच गेली.

शेवटची साधारण 22 किलोमीटरची दमाची शर्यत. गाडी रेषेवर आणली, तोच लाल दिवा लागला. कुठंतरी वीज गाडीच्या अंगाला लागत होती आणि राखणदार यंत्रानं गाडी बंद पाडली. भाचा आडवा झाला आणि टॉर्च दातात धरून आत शिरला. बाहेर त्याचे फक्त बूट दिसत होते, एकाची नाडी सुटलेली. वीस मिनिटांनी त्यानं दोन बोटांत धरून एक वायर बाहेर ओढली. एका जागी तिची साल खरवडून गेली होती, नखाएवढी. धातूच्या कडेवर घासत ती हजार किलोमीटर आली होती.

"कुठल्या स्पीडब्रेकरला झालं असंल?" तो म्हणाला. शेजारच्या एका टीमनं न मागता टेप आणि वायर दिली. जोडेपर्यंत शर्यतीची वेळ निघून गेली. कुणी त्याला काही बोललं नाही, तेच त्याला जास्त लागलं. मी डबा उघडला. चौदा पोरांनी कडक भाकरी फोडली, त्या आवाजाला 'निघायला तयार'चा स्टिकर सहज मिळाला असता.

हिशेब केला. टेम्पोवर जाऊन-येऊन दोन हजार किलोमीटर. स्पर्धेत स्वतःच्या चाकांवर दोनशे मीटर. आवारात गाडी चालवायची परवानगी नसते, मागं दांडा लावून ढकलायची, तो प्रवास वेगळा.

येताना मैंदर्गीला मला सोडायला टेम्पो थांबला. पोरांना गाडीचा पट्टा पुन्हा आवळायचा होता, म्हणून ती उतरवून, ढकलत माझ्या अंगणात आणली. तो म्हातारा कट्ट्यावरच होता.

"मास्तर, ओडतदेनरी?"

"हौद्री, ओडतद."

त्यानं मागून रेटा देणाऱ्या चार पोरांकडं आणि पुढं दोरी धरलेल्या माझ्या भाच्याकडं बघितलं, तंबाखू गालात सरकवली आणि मराठीत म्हणाला, "दिसतंय की."