वही जुनी, येणं चालू

बँकेतून निवृत्त झाल्यावर मी काय करावं याबद्दल घरात प्रत्येकाचं मत होतं. मुलाचं मत योगासनं, ह्यांचं मत पहाटे फिरणं आणि सासूबाईंचं, "माळ्यावरची ती ट्रंक एकदा उघड." त्या दिवशी नळाला पाणी होतं, सिलिंडर येऊन गेला होता, कामवालीही आली होती. म्हणजे कुरकुरायला काहीच नव्हतं. ट्रंक खाली आली.

ठेवायचं, द्यायचं आणि टाकायचं असे तीन ढीग मी ठरवले. सासूबाई खुर्ची ओढून बसल्या आणि अर्ध्या तासात 'टाकायचं' हा ढीग बरखास्त झाला. रेडिओच्या परवान्याचं पुस्तक ठेवायचं, कारण रेडिओ ऐकायला पोस्टात पैसे भरावे लागत हे नातवाला खरं वाटत नाही. पैठणीच्या घडीतून पाचशेच्या जुन्या नोटा निघाल्या.

"आई, ह्या 2016 सालीच बाद झाल्या."

"बाद कशा होतील? देवीच्या ओटीचे पैसे आहेत ते!"

2017 च्या कायद्यानं अशा दहापर्यंत नोटा जवळ ठेवायला मुभा आहे. नोटा दहाच्या आत होत्या. देवीला कायदा माहीत असावा.

तळाशी लाल कापडी बांधणीची आहेराची वही होती. पहिली नोंद मे 1960, सासूबाईंचं लग्न. म्हणजे महाराष्ट्र राज्य आणि आमच्या सासूबाईंचा संसार एकाच महिन्यातले. कारभार कोणाचा कडक झाला हे विचारू नका. रुपयाचे शंभर नवे पैसे होऊन तीन वर्षं झाली होती, पण वहीत आठ आणे आणि सव्वा रुपया ठाण मांडून होते. अक्षर आजेसासऱ्यांचं, शेरे आजेसासूबाईंचे. "मिरजेचे काका – रु. 5. जेवायला माणसं 9." "इचलकरंजीच्या मामी – पितळी तांब्या, मध्यम." परतफेड झाली की समोर तांबड्या पेन्सिलीची खूण. जन्मभर खातेवह्या तपासल्या, पण इतकी चोख वही पाहिली नाही.

पुढची पानं सासूबाईंच्या हातची. बारशी, मुंजी आणि मग माझं लग्न, 1987. "लेमन सेट – 5. पैकी 4 पुढे दिले." स्टीलच्या भांड्यावर दुकानदार मशीननं टिंबाटिंबांचं नाव घालून देई, त्यामुळे ते भांडं घर सोडू शकत नसे. लेमन सेटवर नाव नसायचं, म्हणून तो लग्नालग्नातून फिरत राही. त्याच्या खाली माझ्या माहेरची नोंद होती, "विहिणीची साडी – फिकी."

मी वर पाहिलं. सासूबाई शांतपणे म्हणाल्या, "फिकीच होती."

पुढच्या बहुतेक रकमांच्या शेपटाला मात्र एक रुपया होता. अकरा, एकवीस, एक्कावन्न. एक रुपयाची नोट ही मोठी गमतीची चीज. बाकीच्या नोटांवर रिझर्व्ह बँकेच्या गव्हर्नरची सही आणि रक्कम देण्याचं वचन असतं. एकच्या नोटेवर वित्त सचिवाची सही असते आणि वचन नसतंच. आहेरात सगळं उलटं. वरच्या रकमेला कोणी विचारत नाही, वचन त्या एका रुपयातच असतं: हिशोब मिटलेला नाही, पुढच्या कार्याला यायचं आहे.

बँकेत नव्वद दिवस हप्ता थकला की कर्ज खातं एनपीए होतं. सासूबाईंची पद्धत वेगळी. तांब्यासमोर खूण नव्हती, त्यावर त्यांचं बोट थांबलं.

"मार्गशीर्षात मामींच्या पणतवाचं लग्न आहे ना? तांब्या द्यायचा राहिलाय."

"आई, साठ वर्षं उलटून गेली!"

"म्हणून तर मोठा द्यायचा. मध्यम नको."

हे पेपरमधून डोकं वर न काढता म्हणाले, "जायचं म्हणजे दिवस मोडणार." सासूबाईंनी वहीचं पान उलटून त्यांच्या मुंजीत त्याच मामींनी दिलेली चांदीची वाटी दाखवली. तीही बिनखुणेची. ह्यांनी मुकाट्यानं फोनवर गाडीचं वेळापत्रक काढलं.

हल्ली पत्रिकेवरच छापलेलं असतं, 'कृपया आहेर आणू नये'. हेतू चांगला आहे, यजमानांची हमालीही वाचते. पण देणं पुरतं फिटलं की येणं-जाणंही हळूहळू फिटतं, हे खातं सांभाळणाऱ्या बाईला कळतं. तुमच्या माळ्यावर अशी वही असेल तर रद्दीत घालू नका. घरातल्या सगळ्यात वयस्कर माणसाला शेजारी बसवून वाचा, राहिलेली देणी जमतील तशी द्या, आणि एखादं मुद्दाम बाकी ठेवा.