डावा कान घरचा

आखाजीच्या आदल्या दिवशी टीव्हीखालचा खण उघडेना. ओढला, हलवला, खालून गुडघा दिला. शेवटी उघडला तेव्हा आतून वायरींचं एक भेंडोळं निघालं आणि थेट सौभाग्यवतीच्या पायाशी जाऊन पडलं. तिने ते दोन बोटांनी उचललं आणि मोजलं.

"हेडफोन पाच. अहो, कान किती आहेत तुम्हाला?"

हा प्रश्न उत्तरासाठी नसतो, एवढं लग्नाला सव्वीस वर्षं झाल्यावर कळतं. निकाल लगेच आला. एक ठेवायचा, बाकी परवा भंगारवाल्याला.

आमच्या बुलढाणा जिल्ह्यात जळगाव जामोद तालुक्यातल्या भेंडवळला आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, संध्याकाळी शेतात घट मांडतात. भोवती अठरा धान्यं ठेवतात आणि दुसऱ्या दिवशी पहाटे दाणे कुठे सरकले ते पाहून पावसापाण्याचं, पिकांचं, अगदी राजाच्या गादीचंही भाकीत सांगतात. अठरा धान्यांवरून अख्ख्या वर्षाचा निकाल लागतो, तर पाचातून एक निवडायला काय लागतं? मीही सतरंजीवर पाचही जण गोल मांडले. घटातली पान-सुपारी तेवढी मांडली नाही, ती खाल्ली.

पहिला मान थोरल्याचा. हा भाच्याने पुण्याहून पाठवलेला, भाकरीएवढ्या गाद्यांचा, बाहेरचा आवाज मारणारा. अमर बोस नावाच्या शास्त्रज्ञाला ही युक्ती 1978 साली विमानात, इंजिनाच्या घरघरीला वैतागून सुचली म्हणतात. यंत्रातला माइक बाहेरची घरघर ऐकतो, तिच्या बरोब्बर उलटी लाट तयार करतो आणि दोघी एकमेकींना संपवतात. जावाजावांचं भांडण, पण शेवटी शांतता.

आम्ही बुलढाणेकर घाटावरचे. आमच्या उन्हाळ्याला खामगाव-मलकापूरवाले हसतात, तरी कूलर आम्हालाही लागतोच. हेडफोन चढवला आणि कूलर गायब! पाणी पडतंय, पंखा फिरतोय, आवाज नाही. पण ही युक्ती चालते ती एकसुरी, जाड्या घरघरीवर. मधेच उठलेली बारीक, टोकदार हाक तिला फारशी आवरत नाही. इतकी वर्षं कूलर आईची जी हाक गिळत होता, ती स्वयंपाकघरातून धुतल्या तांदळासारखी स्वच्छ आली.

"काहून रे, गिरणीतून दळण आनलं का?"

"कूलरमुळे ऐकू आलं नाही" हे घरातलं सर्वांत भरवशाचं कारण होतं. त्या यंत्राने ते एका क्षणात मारलं. शिवाय दहा मिनिटांत कान वाफवलेल्या शेंगांसारखे झाले. थोरला बाद.

मग बड्स. मी रोज बसने मोताळ्याला जातो. राजूर घाटातल्या एका वळणावर उजवा बड कानातून निसटला आणि सीटखाली गेला. मी वाकलो. माणूस वाकून शोधतोय म्हणजे पैसेच असणार, म्हणून मागचे चौघेही वाकले. एक चप्पल, दोन जुनी तिकिटं आणि कुणाचा तरी कंगवा निघाला. मोताळा आलं तेव्हा एका आजींनी कांद्याच्या पिशवीतून तो बड काढून वर धरला. "बाप्पा, हे कानातलं कोनाचं व? एकच हाय पन!" अख्ख्या गाडीसमोर "माझं" म्हणायला छाती लागते.

नेकबँड आमच्याकडे ट्रॅक्टरवाल्यापासून कृषी केंद्रवाल्यापर्यंत सगळ्यांच्या गळ्यात असतो. ऐकत कुणीच नसतं, तो गोफासारखा घालायचा दागिना आहे. माझ्या नेकबँडमधली बाई एका दहाव्याला, सगळे श्वास रोखून पिंडाकडे बघत असताना, कानात इंग्रजीतून ओरडली की बॅटरी संपली. मी उडालो. कावळा शिवला असं वाटून मंडळींनी हात जोडले.

चौथा वॉकमनच्या काळातला. त्याच्या स्पंजचा भुगा झालाय. कान काळे होतात, एवढं सांगून पुढे जातो.

पाचवा पांढरा, कुठल्याशा मोबाइलबरोबर फुकट आलेला. वायरीला दोन ठिकाणी चिकटपट्टी, आणि डावा कान ठार मेलेला.

सगळ्यांना परीक्षेला गाणं एकच दिलं, 'शीळ'. कवी ना. घ. देशपांडे, आमच्या मेहकरचे वकील. 1930 च्या दशकात ग. ना. जोशींनी ते गायलं आणि तबकडी घरोघरी गेली. आई मेहकरची. मेहकरच्या माणसाला 'शीळ' माहीत नसणं म्हणजे शेगावच्या माणसाला कचोरी माहीत नसणं. थोरल्यावर गाण्याआधी तबकडीची खरखरच ऐकू आली, पापड तळल्यासारखी. बड्सवर गाणं मधेच तुटलं. पाचव्यावर मात्र सगळं गाणं नीट वाजलं, एकाच कानात! मग ध्यानात आलं की ते ध्वनिमुद्रणच त्या जमान्यातलं. डावं-उजवं तेव्हा कुठे होतं? दोन्ही कानांत एकच आवाज यायचा. म्हणजे मेलेल्या कानाने माझं काहीच नेलं नव्हतं.

उलट मोकळ्या कानाने घर ऐकू येत होतं. दूधवाला आला, कळलं. उजव्या कानात शीळ आणि डाव्यात कुकरची शिट्टी. तिसरीला उठून गॅस बंद केला. सौभाग्यवतीने माझ्याकडे असं पाहिलं की गादीचा निकाल तिथेच लागला. बाकीचे चौघे पिशवीत गेले.

तेवढ्यात आई शेजारी येऊन टेकली. "काय ऐकून राह्यला?"

"शीळ."

"मंग मले बी दे की."

वायर आखूड, आई डावीकडे. माझ्या हाताने सवयीने डावाच उचलून तिच्या कानात दिला आणि मग लक्षात आलं. सांगणार, तोवर तिने डोळे मिटले होते. बोटं गुडघ्यावर ठेका धरत होती, आणि ठेका चुकत नव्हता. गाणं संपायच्या जरा आधीच तिने कानातलं काढून माझ्या हातात दिलं.

"आवाज जरा बारीक हाय," ती म्हणाली. "पन गाते चांगला."