आमच्या सोसायटीचं एक्सएमएल

एक्सेलच्या फाइलीचं ‘एक्सएलएसएक्स’ हे शेपूट खोडून तिथे ‘झिप’ लिहिलं, की तिचं सोंग उतरतं. आत फोल्डर निघतात, फोल्डरात फोल्डर, आणि त्यांत साध्या मजकुराच्या एक्सएमएल फायली. २००७ च्या ऑफिसपासून हे असंच चालू आहे. त्याआधीची ‘एक्सएलएस’ फाइल नोटपॅडमध्ये उघडली तर नुसता गिचमिडा दिसायचा. आता निदान अक्षरं लागतात. हे सगळं कसं लिहायचं नि कसं वाचायचं याचा प्रमाणग्रंथ २००६ साली निघाला, सहा हजारांहून जास्त पानांचा. तो सलग वाचलेला माणूस मला अजून भेटलेला नाही. भेटलाच तर लग्नाच्या पंगतीत मी त्याच्या शेजारी बसणार नाही.

आमच्या सेक्रेटरीकाकांना यातलं काही ठाऊक नव्हतं आणि त्यावाचून त्यांचं काही अडलंही नव्हतं. अडलं ते वार्षिक सभेच्या तोंडावर. मेंटेनन्सची फाइल उघडताना एक्सेलने विचारलं, मजकुरात गडबड दिसते, दुरुस्त करू का? काका ‘हो’ म्हणाले. (‘नाही’ ते फक्त सभासदांना म्हणतात.) दुरुस्ती झाली, आणि बेरजेच्या प्रत्येक चौकटीत ‘#नेम?’ येऊन बसलं. काय काढून टाकलं याची रीतसर पावतीही मिळाली: वर्कबुकमधल्या नेम्ड रेंज.

“तू कॉम्प्युटरमध्ये आहेस ना?” काकांनी विचारलं. या प्रश्नाला ‘हो’ म्हटलं की पुढे प्रिंटरपासून गीझरपर्यंत काहीही येऊ शकतं, त्या मानाने हे बरंच म्हणायचं.

नेम्ड रेंज म्हणजे काय, तर बी४ ते बी५१ या चौकटींना ‘मेंटेनन्स’ असं नाव देऊन टाकायचं. मग सूत्रात पत्ता लिहायची गरज नाही, नाव घेतलं की काम होतं. ही नावं ‘वर्कबुक डॉट एक्सएमएल’मध्ये ‘डिफाइन्डनेम्स’ या टॅगखाली मुक्कामाला असतात. नशिबाने ऑडिटरला पाठवलेल्या मेलमध्ये दुरुस्तीच्या आधीची प्रत होती. एक्सेलला दूर ठेवून मी ती पायथनने थेट वाचायला घेतली.

आजवरच्या सगळ्या खजिनदारांच्या कारकिर्दी तिथे ओळीने उभ्या होत्या. ‘मेंटेनन्स’, त्याखाली ‘मेंटेनन्स_नवीन’, मग ‘मेंटेनन्स_फायनल’, आणि ‘मेंटेनन्स_फायनल_खरं’. ‘पार्किंग’चा पत्ता होता ‘$सी:$सी’, म्हणजे अख्खा रकाना, १०,४८,५७६ ओळी. सोसायटीत फ्लॅट अठ्ठेचाळीस आणि गाड्या लावायला जागा बारा. ‘लिफ्ट_फंड’ नाव शाबूत होतं, पण पत्त्याच्या जागी ‘#रेफ!’. ते ज्या शीटवर होतं ती शीटच कुणीतरी उडवली होती. लिफ्ट फंड नावापुरता आहे, असं तिसऱ्या मजल्यावरचे लोक कधीपासून म्हणत होते. आता लेखी पुरावा मिळाला.

नाव मिळालं, पत्ता मिळाला, आता तिथे जाऊन आकडे उचलायचे, एवढं सोपं असतं तर काय हवं होतं! चौकट सांगते, माझ्यात १२ आहे. पण शेजारी ‘टी इज इक्वल टू एस’ असेल तर ते बारा रुपये नसतात, तो ‘शेअर्डस्ट्रिंग्ज’ नावाच्या दुसऱ्या फाइलीतला क्रमांक असतो, आणि तिथे मोजणी शून्यापासून, म्हणजे बारावा हवा तर तेरावा उचला. दुसऱ्या चौकटीत ४५३८३. ही रक्कम की काय, ते ती चौकट सांगत नाही; तिसऱ्या फाइलीत जाऊन तिचा वेष बघावा लागतो, मग कळतं की ही १ एप्रिल २०२४ ही तारीख आहे. तहसील कचेरीत अर्जाचा नंबर एका टेबलावर, शिक्का दुसऱ्यावर आणि साहेब जेवायला, तसलाच हा कारभार. या तारखांचं आणखी एक गमतीचं: एक्सेल १ जानेवारी १९०० पासून दिवस मोजतं, आणि त्यात २९ फेब्रुवारी १९०० हा कधी उगवलाच नाही असा दिवसही धरतं. चूक मुळात लोटस १-२-३ ची. त्या फायलींशी हिशेब जुळावा म्हणून ती जाणूनबुजून पुढे चालवली.

शेअर्डस्ट्रिंग्जमध्ये एकच मजकूर पुन्हा पुन्हा लिहायचा नाही, अशी काटकसर असते. आमच्याकडे ती फसली. ‘दुरुस्ती’, ‘दुरूस्ती’ आणि शेवटी एक स्पेस चिकटलेली ‘दुरुस्ती ’ अशा तीन वेगळ्या नोंदी निघाल्या. तिसरीपाशी तर ‘स्पेस प्रिझर्व्ह’ अशी सक्त ताकीद. माणसाने चुकून दाबलेली स्पेससुद्धा एक्सएमएल ठेव म्हणून सांभाळतं.

खरी मेख मात्र रिकाम्या चौकटीत आहे. जिच्यात काही नाही आणि जिला रंगरेषाही नाहीत, ती चौकट सहसा लिहिलीच जात नाही. जूनचे पैसे आहेत, जुलैचे थकले, ऑगस्टचे आहेत, तर फाइलीत दोनच चौकटी. वाचणारा प्रोग्राम नुसता क्रमाने मोजत गेला, तर ऑगस्टचे पैसे जुलैत सरकतात, आणि पुढचा प्रत्येक महिना तसाच एकेक घर मागे. मार्च सोडला तर माणूस वर्षभर नियमित! थकबाकी मिटवण्याचा याहून स्वस्त मार्ग नाही. त्यामुळे क्रमावर विश्वास न ठेवता प्रत्येक चौकटीचा ‘आर’, म्हणजे पत्ता, वाचत जावं लागतं. मी तसंच केलं, आणि ‘थकबाकी’ची रेंज छापून काकांपुढे ठेवली.

काकांनी चष्मा वर केला. “ही यादी लांबली कशी? आपल्या बोर्डावर लावतो ती नऊ नावांची.”

“काका, काही ओळींवर ‘हिडन’ लिहिलंय. एक्सेल त्या दाखवत नाही. मी नुसता मजकूर वाचतो, त्याला दडवलेलं काय नि उघडं काय.”

“पण दडवल्या कुणी?”

फिल्टर कसला लावलाय तेही एक्सएमएलमध्ये असतं. मी ती ओळ मोठी करून दाखवली. शेऱ्याचा रकाना, अट ‘नॉट इक्वल’, आणि पुढे अवतरणात ‘कमिटी’.

काका थोडा वेळ यादीत बघत राहिले, बहुधा बी विंगच्या आसपास. मी उत्साहाने म्हटलं, “फाइल शेवटची सेव्ह कुणी केली, त्याचंही नाव ‘डॉकप्रॉप्स’मध्ये असतं. काढू का?”

“नको, नको,” काका म्हणाले. “तू नोकरी करून एवढं केलंस, पुष्कळ झालं. पुढच्या वर्षीपासून मी म्हणतो हिशेब वहीतच ठेवू. पेन्सिलने.”