नऊपैकी नऊ

मोठ्या आतड्याची दुर्बिणीने केलेली तपासणी, म्हणजेच कोलोनोस्कोपी, ज्यांनी भोगली आहे त्यांचे एका मुद्द्यावर सहसा एकमत असते : दुर्बीण परवडली, पण आदल्या रात्रीचे औषध नको. दुर्बिणीच्या वेळी बहुधा गुंगी दिलेली असते. औषध मात्र पूर्ण शुद्धीत, घोटाघोटाने आणि घरच्यांच्या देखरेखीखाली प्यावे लागते. त्यामुळे सुशिक्षित रुग्ण पुडी फोडण्याआधी औषधांचा तौलनिक अभ्यास करतो आणि अभ्यासाने जुलाबाची धार बोथट होईल, अशी भाबडी आशा बाळगतो. प्रस्तुत लेखक याच संप्रदायातला असून, लहानपणी सुंठीच्या काढ्यातून एरंडेल पचवलेल्याला पुडीचे काय भय, असा त्याचा वर तोराही आहे.

१९८० साली अमेरिकी संशोधकांनी पुढे आणलेले पॉलिएथिलीन ग्लायकॉलचे द्रावण आजही या क्षेत्रातील ज्येष्ठ मानले जाते. हा पदार्थ आतड्यात जवळजवळ शोषला जात नाही आणि सोबतचे क्षार मापून घातलेले असल्याने शरीरातील पाण्याचा तोल फारसा ढळत नाही. मात्र मूळ पद्धतीत ते चार लिटर प्यावे लागे, नव्या प्रकारांत दोन लिटरांवर भागते, आणि चव दोन्हीकडे खारट-बुळबुळीतच. गोडव्याचा प्रयोग पूर्वी झाला होता. मॅनिटॉल ही साखरेच्या कुळातली वस्तू चवीला बरी होती, परंतु आतड्यातील जीवाणू तिच्यापासून हायड्रोजन तयार करतात, आणि आतड्यातील गाठ विजेच्या तारेने कापताना त्या वायूचा स्फोट होऊन रुग्ण दगावल्याची नोंद १९७९ मध्ये झाली. बेचव औषधाला नावे ठेवणाऱ्याने हे ध्यानात घ्यावे. सोडियम फॉस्फेट अवघे पंचेचाळीस मिलिलिटर, दोनदा घ्यायचे, म्हणून लोकप्रिय झाले. पण त्याने काहींची मूत्रपिंडे दुखावली आणि २००८ मध्ये अमेरिकी औषध प्रशासनाने कडक इशारा दिला. पिकोसल्फेट आणि मॅग्नेशियम सायट्रेटचे संत्र्याच्या चवीचे मिश्रण दोन छोट्या पेल्यांत आटोपते खरे, तथापि त्यावर भरपूर पाणी प्यायचेच असल्याने लिटरांचा हिशेब काही चुकत नाही.

लेखकाला सर्वाधिक भुरळ पडली ती गुणदानाची. २००९ मध्ये मांडलेल्या बोस्टन मापनपद्धतीत आतड्याचे तीन भाग कल्पून प्रत्येकाला स्वच्छतेनुसार शून्य ते तीन गुण दिले जातात, एकूण नऊ. चरकसंहितेच्या सिद्धिस्थानातही विरेचनाची, म्हणजे औषधाने घडवलेल्या जुलाबाची, प्रतवारी आहे : दहा वेग आले तर शुद्धी कनिष्ठ, वीस आले तर मध्यम, तीस आले तर उत्तम. चरक खेपा मोजतात, बोस्टनकर भिंती पाहतात. दोन्ही परंपरांत वरच्या वर्गात यावे, अशी ईर्षा ज्याच्या मनात उत्पन्न होते, तो मराठी मध्यमवर्गीय खरा. दहावीत हुकलेले पैकीच्या पैकी गुण साठीत आतड्याने मिळवून द्यावेत, यात त्याला काही गैर वाटत नाही. गुण दिले जातात तेव्हा परीक्षार्थी गुंगीत असतो, हीच काय ती उणीव.

या गमतीआड एक चीड मात्र खरी आहे. रुग्णाची सोय मोजताना चव, मळमळ, झोपमोड आणि ‘हेच औषध पुन्हा घ्याल का’ एवढे विचारले जाते. संडास किती पावलांवर आहे, हे क्वचितच विचारले जाते. ज्या चाळीत मजल्याच्या टोकाला सामाईक संडास आहेत, तिथे दुखऱ्या गुडघ्यांची सत्तरीची बाई दर दहा-पंधरा मिनिटांनी बादली घेऊन गॅलरीभर जाते, उकिडवी बसते, भिंतीला धरून उठते, आणि परतताना शेजारी विचारतो, “काकू, बरं नाही का?” तिच्या दृष्टीने कोणते औषध अधिक सुखाचे, याचे उत्तर संत्र्याच्या चवीत नाही. आतडे नीट स्वच्छ झाले नाही तर लहान गाठी नजरेतून सुटतात, प्रसंगी सगळा खटाटोप पुन्हा करावा लागतो, आणि तेव्हा दोष ‘रुग्णाने सूचना पाळल्या नाहीत’ या सदरात जमा होतो.

औषध दोन हप्त्यांत घ्यावे, निम्मे आदल्या संध्याकाळी आणि निम्मे तपासणीआधी चार-सहा तास, म्हणजे सफाई अधिक चांगली होते, यावर तज्ज्ञांचे एकमत आहे. सकाळी आठच्या तपासणीसाठी दुसरा हप्ता त्यामुळे पहाटे तीनच्या सुमारास येतो. त्या वेळी चाळीतल्या संडासापुढे रांग नसते, हा या पद्धतीचा निर्विवाद फायदा असूनही लेखकाने चाळलेल्या एकाही तक्त्यात त्याची नोंद आढळली नाही.